खिंडार

विल्फ्रेड रेडपाथ, वय एकाहत्तर,
गडगे रचणारा.
नॉर्थम्बरलँडच्या उघड्या माळावर
चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड,
आणि मेंढ्या ज्याच्या त्याच्या हद्दीत.
हा माझा बाप.

त्याचा नियम एकच:
उचललेला दगड खाली ठेवायचा नाही.
हातात आला की जागा शोधायची त्याची.
नाही सापडली तर नजर कच्ची तुझी,
दगडाला बोल लावू नकोस.

मी न्यूकॅसलला, चौथ्या मजल्यावर,
जिवाणूंच्या भिंती बघते.
"कसली भिंत?" त्यानं एकदा विचारलं,
चहात धरलेलं बिस्कीट गळून पडेपर्यंत
माझ्याकडे बघत.
म्हटलं, साखरेच्या दोऱ्या, त्यांना आडवे टाके,
एकच जाळी, अख्ख्या जिवाभोवती शिवलेली.
आत मोटारीच्या टायरइतका दाब.
नको तिथे उसवली
की संपलं.

"मग वाढते कशी?"

उसवूनच.
एकाचे दोन होतात वीस-पंचवीस मिनिटांत,
तेवढ्यात जुन्या भिंतीचा जवळजवळ निम्मा भाग
कातरून सुटा झालेला असतो,
नव्या ओळी शेजारी बसत असतात,
आणि दाब कुठे तसूभर हलत नाही.
सुटलेल्या तुकड्यांसाठी आतल्या पडद्याला
एक वेगळं दार आहे.
आत आले की साखर निराळी, शेपटी निराळी.
तीन मण्यांची ती शेपटी तर मोडतही नाहीत,
आहे तशी नव्या विटेला जोडून देतात.

बाप बराच वेळ गप्प.
"म्हणजे खाली ठेवत नाहीत."
"नाही."
"बरंय मग," म्हणाला,
आणि चमच्यानं बिस्किटाचा गाळ काढून खाल्ला.

नोव्हेंबरात त्याचं पित्ताशय काढलं.
दोन दिवस बरे गेले.
तिसऱ्या रात्री ताप,
दात वाजत होते, हात मात्र गरम.
सिस्टर ओलुवाफेमी सलाइनची बाटली बदलत म्हणाली,
औषध चालू आहे, लागू पडेल.

मला माहीत होतं ते औषध काय करतं:
गवंड्याचे हात धरतं.
रचणं थांबतं, कातरणं थांबत नाही.
आत तुकड्यांचा ढीग होतो, जोडायला जागा नाही.
आणि काही जातींत त्या ढिगाशेजारी
एक राखणदार बसलेला असतो,
एरवी झोपलेला.
तुकडे वाढले की तो जागा होतो,
बाहेर कुणी आलंय हे त्याला
स्वतःच्याच पडझडीवरून कळतं.
मग तो हत्यार घडवायला सांगतो,
औषधाचाच कणा मोडणारं.

तीन वर्षं मी हाच राखणदार
काचेखाली बघत होते, कौतुकानं.

तपासणीचा कागद सकाळी आला.
तीच जात.
डॉक्टरांनी औषध बदललं. मी खिडकीत उभी राहिले,
कारपार्कात कुणी बर्फ खरवडत होतं.

"काय म्हणतात तुझे गवंडी?" बापानं डोळे न उघडता विचारलं.
"त्यांना कळलं, आपण आलोय ते."
"कशावरून?"
"पडलेल्या दगडांवरून."
हसला असावा. ओठ फुटले होते, नीट दिसलं नाही.
"आणि जे बाहेर सांडतात ते?"
ते तुमचं रक्त वाचतं, बाबा.
हा ताप म्हणजे तेच वाचन.
हे मी मोठ्यानं म्हटलं की नाही, आठवत नाही.
पांघरुणावर त्याची बोटं
काहीतरी उलटंपालटं करून बघत होती,
कड चाचपत होती.

फेब्रुवारी. तो घरी आहे, खुर्चीत,
जिन्याच्या चार पायऱ्या चढतो, मग शिव्या देतो.
वरच्या रानात गडग्याला खिंडार पडलंय,
दीड हात, दगड गवतात पसरलेले,
काहींवर शेवाळ उलट्या बाजूला.
मी एकटीच आले आहे.
पायथ्याचे मोठे बसले, पोटात बारीक भर घातली,
आणि आता हा एक हातात,
तिरका, एका टोकाला जड,
कुठेच बसत नाही.

वारा आहे. दोन मेंढ्या बघताहेत.
बोटं बधिर झालीत.
खाली ठेवावा, असं
तीनदा मनात येऊन गेलं.